चाळीतला एकांत

मुंबईच्या चाळीत नवरा-बायकोच्या एकांताचा प्रश्न लग्नाच्या वेळी जेवढा अवघड असे, त्याहून कितीतरी अवघड तो मुले झाल्यावर होई. नव्या नवरीसाठी घरातली माणसे निदान काही दिवस बाहेर निजत, सासू जावेकडे मुक्कामाला जाई, दीर मित्राच्या खोलीवर झोपे. पहिले मूल झाले की ही सोय हळूहळू बंद पडत असे. आता दोघांनी आई-बाप म्हणून जगायचे, त्यांना आणखी काय हवे असणार, अशी सर्वांची समजूत असे. एका खोलीच्या घरात तान्हे मूल, त्याच्या वरची दोन-तीन, सासू-सासरे आणि नोकरीसाठी गावाहून आलेला भाऊ किंवा भाचा, इतक्या माणसांत दांपत्यजीवन कसे टिकले, हा मुंबईच्या सामाजिक इतिहासातला मोठा आणि फार कमी लिहिला गेलेला भाग आहे.

चाळीच्या आधीच्या मराठी घरांत जागा पुष्कळ होती, पण तीही जोडप्यासाठी आखलेली नव्हती. वाड्यात पुरुष ओसरीवर, सोप्यात किंवा माडीवर निजत, बायका-मुले माजघरात. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचे नाही, त्याचे नाव घ्यायचे नाही, त्याच्यासमोर आपल्या मुलाला जवळ घेऊन कौतुक करायचे नाही, हे सगळे सुनेच्या अंगवळणी पडलेले असे. रमाबाई रानडे यांच्या 1910 साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे त्यांना रात्री शिकवत असल्याचे येते. सुशिक्षित, सुधारक घरातही पती-पत्नीला एकमेकांशी मोकळेपणी बोलायला रात्रच काय ती मिळे.

बाळंतपणाचे रिवाजही दोघांना दूर ठेवणारे होते. पहिले बाळंतपण माहेरी होई. सव्वा महिना बाळंतीण निराळ्या खोलीत शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू यांत असे आणि त्यानंतरही महिनोन्‌महिने माहेरी राही. शरीराला विश्रांती मिळण्याच्या दृष्टीने ही चाल शहाणपणाची होती, हे मान्य केलेच पाहिजे. त्या काळात कामातून सुटका मिळण्याचा दुसरा मार्ग सुनेला नव्हता. परत आल्यावर मूल आईच्या कुशीत, त्याच्या पलीकडे थोरले, आणि नवरा बाहेरच्या बाजूला, अशी निजण्याची रीत पडे. पुढे घरात सून आली की सासूने वेगळे निजायचे, हाही अलिखित नियम होता. मुलगी किंवा सून गरोदर असताना आईलाही दिवस राहणे ही गोष्ट घरोघरी घडत होती आणि तिची लाजही तितकीच वाटत होती.

1856 मध्ये ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत कोकण व घाटावरून माणसे मुंबईकडे लोटली. आलेले बहुतेक पुरुष होते. 1921 साली मुंबईत हजार पुरुषांमागे बायका जेमतेम पाचशेच्या पुढे होत्या. त्याच वेळी रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांपेक्षा बायका जास्त होत्या. लग्न झालेला, दोन-तीन मुलांचा बाप असलेला गिरणी कामगार गावकरी मंडळाच्या गाळ्यात वीस-पंचवीस जणांबरोबर राही, खानावळीत जेवे आणि शिमगा, गणपती किंवा मे महिन्यात गावी जाई. पावसाळ्यात कोकणच्या बोटी बंद असत, म्हणून शिमग्याला किंवा उन्हाळ्यात गेला तर गेला, नाहीतर थेट गणपतीला. अशा संसारात जवळिकीचे दिवस वर्षातून मोजके, तेही सणाच्या गर्दीत, पाहुण्यांच्या राबत्यात आणि बापाला नीट न ओळखणाऱ्या मुलांच्या देखत.

उरलेले वर्ष मनीऑर्डर आणि पत्रावर निघे. पत्र बहुधा दुसऱ्याच्या हातचे. मुंबईत साक्षर सोबती लिही, गावात मास्तर किंवा शाळेत जाणारा मुलगा मोठ्याने वाचून दाखवी. मुलाच्या तोंडून ऐकायच्या पत्रात बायकोसाठी काय लिहिता येणार? तब्येतीची चौकशी, गुराढोरांची विचारपूस आणि भातलावणीच्या सूचना यांपलीकडे मजकूर जात नसे. मुंबईला परतलेल्या नवऱ्याला बायकोची ओढ नव्हती असे यावरून कोणी समजू नये. ती कागदावर उतरायला वाव नव्हता, इतकेच.

ज्यांनी बायको-मुलांना मुंबईत आणले, त्यांना खोली मिळाली. 1896 च्या प्लेगनंतर, 1898 साली स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने काही चाळी बांधल्या. मोठी भर पडली ती 1920 साली निघालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटमुळे (बी.डी.डी.). वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे या खात्याने 207 चाळी उभारल्या. प्रत्येक चाळ तळमजला अधिक तीन मजल्यांची. एका मजल्यावर वीस, म्हणजे एका चाळीत 80 खोल्या. खोली सुमारे 160 चौरस फुटांची. मध्ये लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना खोल्यांची दारे, संडास सामाईक. खासगी मालकांच्या जुन्या चाळींत बोळाऐवजी गॅलरी असे आणि खोल्या याहूनही लहान असत. 1931 च्या जनगणनेच्या वेळी मुंबईतले सुमारे तीन-चतुर्थांश लोक एका खोलीच्या घरात राहत होते. भाडे परवडावे म्हणून अनेकजण त्याच खोलीत पोटभाडेकरू ठेवत. मग दोन जोडपी आणि त्यांची मुले यांच्यामध्ये फक्त दोरीवर टाकलेले लुगडे असे.

या खोलीत रात्र कशी मांडली जाई, हे पाहण्यासारखे आहे. जेवणे आटोपली, भांडी घासून झाली की चूल किंवा स्टोव्ह बाजूला सरके आणि भिंतीशी रचलेल्या वळकट्या उलगडत. घरातले पुरुष आणि दहा-बारा वर्षांवरचे मुलगे गॅलरीत, गच्चीवर, उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेलाही पथारी टाकत. म्हातारी उंबऱ्याजवळ निजे, मुली आत. ज्यांच्याकडे लोखंडी खाट होती, तिथे खाटेवर वडील माणूस, खाली ट्रंका आणि त्यांच्या पुढे मुले. पुढे लाकडी पोटमाळा आला आणि बऱ्याच घरांत तोच जोडप्याची जागा ठरला. ताठ बसताही येऊ नये इतका बुटका, पत्र्याखाली असला तर उन्हाळ्यात भट्टीसारखा तापणारा. तरी त्याला शिडी होती आणि शिडी वर ओढून घेता येई. पाऊस लागला की ही सगळी व्यवस्था कोलमडे. गॅलरीतले सारे आत येत आणि चार महिने नवरा-बायकोच्या वाट्याला काहीच राहत नसे.

रातपाळीने काही जोडप्यांना वेगळीच सोय दिली. रात्रभर साच्यावर उभा राहिलेला माणूस सकाळी घरी येई तेव्हा मुले म्युनिसिपालिटीच्या शाळेत जायला निघालेली असत. दुपारी दार ओढून घेतले तर ‘तो रातपाळीचा आहे, झोपलाय’ हे सांगण्याजोगे, कोणी संशय न घेणारे कारण होते. उलट बाजूही होतीच. रात्रभर कापसाच्या धुळीत आणि आवाजात काम केलेल्या शरीराला झोपेवाचून काही नको असे, आणि बायकोचा दिवस पाण्याच्या नळाच्या वेळेवर, रेशनच्या रांगेवर बांधलेला असे.

शेजार हा यातला खरा आधार होता. चाळीत कोणाचे काही लपत नाही अशी तक्रार नेहमी केली जाते, आणि ती खरीही आहे. पण सगळ्यांनाच सगळे ठाऊक असल्यामुळे न बोलता मदतही केली जाई. शेजारीण मुलांना आपल्याकडे निजायला बोलावी, गोकुळाष्टमीला किंवा गणपतीच्या दिवसांत कार्यक्रम पाहायला सगळी पोरे एकत्र नेई, म्हातारीला भजनाला बरोबर घेऊन जाई. ज्या बाईसाठी हे केले, तीही पुढच्या आठवड्यात तेच करी. याविषयी दोघीही एक शब्द बोलत नसत. एकमेकींच्या संसाराची अशी जपणूक करणाऱ्या या बायकांची नोंद चाळीवरच्या विनोदी लेखनात क्वचितच सापडते, आणि ही उणीव मोठी आहे.

जागेइतकीच दुसरी अडचण होती ती दिवस राहण्याच्या धास्तीची. चार-पाच मुले झालेली बाई नवऱ्याला टाळू लागे. अंगावरचे दूध लांबवणे, व्रते-उपास धरणे, मुलांच्या मध्ये निजणे, माहेरी राहणे, एवढीच साधने तिच्या हाती होती. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी नेमकी हीच जागा ओळखली. विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या कर्व्यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र निघाले तेही त्याच वर्षी. या कामापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. 1927 च्या जुलैपासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले आणि 1953 साली मृत्यू येईपर्यंत ते चालवले. पत्नी मालतीबाई या सगळ्यात त्यांच्या बरोबर होत्या.

मुले थोडी व्हावीत, एवढेच कर्व्यांचे म्हणणे नव्हते. संभोगाचे सुख आणि संतती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, त्या सुखावर स्त्रीचाही पुरुषाइतकाच हक्क आहे, आणि मुले झाली म्हणून तो हक्क संपत नाही, हे ते उघडपणे मांडत. मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना ते सरळ भाषेत उत्तरे देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटल्यात हार झाली, दंड भरावा लागला, पण मासिक थांबले नाही. पुढे 1938 मध्ये आंबेडकरांच्या पक्षाच्या वतीने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा प्रस्ताव आला. तोही फेटाळला गेला.

याच्या अगदी विरुद्ध टोकाचे मत त्याच काळात महाराष्ट्राच्या भूमीवरून मांडले जात होते. 1935 च्या डिसेंबरात अमेरिकेच्या मार्गारेट सँगर वर्ध्याला महात्मा गांधींना भेटल्या. कुटुंब लहान असावे हे गांधींना मान्य होते, पण त्यासाठी साधने वापरणे नाही. संततीची इच्छा नसेल तेव्हा पती-पत्नींनी संयमाने राहावे, असे त्यांचे मत. सँगर यांना हे सर्वसामान्य जोडप्याला अशक्य वाटले. गांधींचा नैतिक अधिकार फार मोठा होता, त्यामुळे अनेक मध्यमवर्गीय घरांत मुले झाल्यानंतरची अलिप्तता हा सद्गुण मानला गेला. चाळीतल्या बाईच्या धास्तीवर मात्र कर्व्यांचे उत्तरच अधिक माणुसकीचे होते.

स्वातंत्र्यानंतर स्वयंसेवी संस्था आणि सरकार दोन्ही या क्षेत्रात उतरले. 1949 साली मुंबईत फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. 1952 मध्ये मुंबईतच भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत इंटरनॅशनल प्लॅन्ड पॅरंटहूड फेडरेशनचा जन्म झाला. कर्व्यांकडून प्रेरणा घेतलेल्या शकुंतला परांजपे यांनी पुण्याकडे हेच काम नेटाने चालवले. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर आला, 1960 नंतरच्या दशकात गर्भाशयात बसवायचा लूप आला, 1968 मध्ये तीन नगांना 15 पैसे अशा स्वस्त दराने निरोध हा कंडोम किराणा दुकानांत आणि पानपट्टीवर मिळू लागला. मुंबईत पुरुष नसबंदीची सोय रेल्वे स्थानकांवरही केली गेली. पुढे तांबी आणि गोळ्या आल्या. ‘पाळणा लांबवणे’ हा शब्दप्रयोग घराघरात रुळला.

मात्र साधन मिळाले तरी ते वापरायला आडोसा हवा, हे योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात फारसे आले नाही. ओळखीच्या वाण्याकडून निरोध मागायचा, मुलांच्या हाती लागणार नाही असा ट्रंकेत ठेवायचा आणि नंतर सामाईक संडासापर्यंत नेऊन टाकायचा, यांतली प्रत्येक पायरी एका खोलीत अवघड होती. शस्त्रक्रिया त्यामानाने सुटसुटीत वाटली, पण 1975 ते 1977 च्या आणीबाणीने तिच्यावर जबरदस्तीचा डाग लावला. 1976 साली महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. त्यानंतर पुरुषांनी पाठ फिरवली आणि शस्त्रक्रियेचा भार जवळजवळ पूर्णपणे बायकांवर पडला. शस्त्रक्रियेनंतर दिवस राहण्याची धास्ती गेली, हा तिचा सहजीवनावर झालेला परिणाम सरकारी प्रचारात कधी आलाच नाही. तिथे भाषा लोकसंख्येची होती.

मराठी चित्रपटाने एकांताचा विषय धीटपणे हाताळला. राजा ठाकूर दिग्दर्शित ‘मुंबईचा जावई’ (1970) मध्ये चाळीतल्या भरल्या घरात नवविवाहितांना एकांत न मिळण्याची कथा आहे; 1972 मध्ये बासू चटर्जी यांनी ‘पिया का घर’ या नावाने ती हिंदीत आणली. दोन्हींत जोडपे नवे आहे. मुले झालेल्या जोडप्याची तीच अडचण पडद्यावर आणण्याचे फारसे कोणाला सुचले नाही, कारण मुले झाल्यावर प्रणयाची कथा संपते असेच प्रेक्षकांनीही मानलेले होते. ती उणीव डॉ. विठ्ठल प्रभूंच्या ‘निरामय कामजीवन’सारख्या पुस्तकांनी काही अंशी भरली. अनेक आवृत्त्या निघालेल्या या पुस्तकामुळे विवाहितांना शास्त्रीय माहिती मराठीत मिळाली.

चाळ सोडून डोंबिवली, कल्याण, बोरिवली, विरार येथे ब्लॉक घेणाऱ्यांना स्वयंपाकघराला दार मिळाले, आत स्वतंत्र मोरी-संडास मिळाले आणि अनेकांना आयुष्यात प्रथमच आतून कडी लावता येणारी निजायची खोली मिळाली. त्याची किंमत वेळेत मोजावी लागली. पहाटेची लोकल, परतीचा दोन-दोन तासांचा प्रवास, बायकोचीही नोकरी. शिवाय मुलांना सांभाळणारी शेजारीण मागे गिरगावात किंवा परळला राहिलेली. जागा आली तेव्हा उसंत गेली, असे अनेक घरांत झाले. 1982 च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तसा गिरणगावातला उरलासुरला कामगारही याच वाटेने उपनगरांत किंवा परत गावी गेला.

जे चाळीतच राहिले, त्यांच्या घरांचा पुनर्विकास सुरू झाला आहे. बी.डी.डी. चाळींतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात रहिवाशांना 500 चौरस फुटांचे घर मिळायचे आहे. ऑगस्ट 2025 मध्ये वरळी येथील पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. या घरांत निजायच्या दोन खोल्या आहेत. तीन पिढ्या एकत्र असलेल्या घरात आजी-आजोबा, वाढती नातवंडे आणि मधले जोडपे यांच्यात त्या कशा वाटायच्या, हे तिथली कुटुंबे आता ठरवत आहेत.