सिंहगड : नाव आधी, गोष्ट नंतर

चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकापासून आपल्याला पाठ असतं : तानाजी मालुसरे पडले, शिवाजी महाराज हळहळले आणि कोंढाण्याचा सिंहगड झाला. रविवारी अतकरवाडीतून धापा टाकत वर जाणारे पुणेकरही तानाजी कड्यापाशी पोरांना हेच सांगतात. कड्यावरची लढाई खरी आहे, ४ फेब्रुवारी १६७० ची. नावाची कुळकथा मात्र वेगळी आहे.

जुनं नाव कोंढाणा. ते कौंडिण्य ऋषींवरून पडलं अशी समजूत आहे. गडावर कोंढाणेश्वराचं देऊळही आहे. चौदाव्या शतकात मुहंमद तुघलकाने गडाला वेढा घातला, तेव्हा नागनायक या कोळी सरदाराने तो आठ महिने झुंजवला. ही हकिगत इसामीच्या १३५० सालच्या फार्सी काव्यात येते. तिथे गडाचं नाव आहे कुंधियाना.

आठ महिने गड तगला तो त्याच्या घडणीवर. सुमारे १,३०० मीटर उंचीच्या या डोंगराला निसर्गानेच तट दिला आहे. ताशीव कातळ असेल तिथे कातळच राखण करतो. बांधकाम लागतं ते चढण सोपी असेल तिथे. पुण्याच्या बाजूला एकामागून एक तीन दरवाजे आहेत. पहिला फोडून शत्रू आत आला, तरी पुढचा बंद आणि डोक्यावर बुरुजांचा मारा. दुसरी वाट कल्याण दरवाज्याची. हे कल्याण ठाण्याकडचं नव्हे, गडाच्या पायथ्याचं गाव. इथल्या बुरुजांवर हत्ती आणि माहूत कोरलेले आहेत. दरवाज्यावरच्या शिलालेखात शके १६७२, म्हणजे १७५० साल आणि बाळाजी बाजीराव पेशव्यांचं नाव आहे. वेढ्यात दाणागोटा पुरवून खाता येतो, पाण्याला पर्याय नसतो. म्हणून कातळात टाकी खोदलेली. देवटाक्याचं पाणी आजही नावाजलेलं आहे.

हा गड महाराजांच्या हातून दोनदा गेला. १६४९ मध्ये शहाजीराजांच्या सुटकेसाठी तो आदिलशाहीला परत द्यावा लागला. पुन्हा घेतला, तर १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ल्यांपैकी एक म्हणून मोगलांकडे गेला. १६७० मध्ये तानाजींचे मावळे दरवाज्यांच्या वाटेला गेलेच नाहीत. रात्री कडा चढून ते आत उतरले. मोगलांचा किल्लेदार उदेभान राठोड याच्याशी झुंजताना तानाजी पडले, गड मात्र आला.

आता नावाकडे या. एप्रिल १६६३ च्या महाराजांच्या पत्रात या गडाचा उल्लेख ‘सिंहगड’ असाच आहे, लढाईच्या सात वर्षं आधी. आणखी एक गंमत पाहा. सभासदाने १६९७ मध्ये जिंजीला महाराजांची बखर लिहिली. तिच्यातले महाराज तानाजींना सिंह म्हणत नाहीत, गडच म्हणतात : एक गड मिळवला, पण दुसरा गमावला, असा त्यांचा शोक. ते वाक्य सिंहाचं झालं ते पुढे. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीचं तर ‘गड आला पण सिंह गेला’ हे नावच आहे.

नावं बदलून पाहणारे आणखीही होते. १७०३ मध्ये गड घेतल्यावर औरंगजेबाने त्याला ‘बक्षिंदाबक्ष’ म्हटलं. गड मराठ्यांकडे परत आला आणि ते नाव कागदातच राहिलं. १८१८ च्या मार्चमध्ये इंग्रजांनी तोफा डागून गड घेतला. त्यांच्या दप्तरातही तो सिंहगडच राहिला.

तेव्हा हिशेब असा : सिंहगड हे नाव तानाजींमुळे पडलं नाही, पण लोकांच्या तोंडी रुजलं ते त्यांच्यामुळेच. कोंढाणाही पुरता पुसला गेलेला नाही. गडाच्या दक्षिणेला खाली एक गाव आहे. त्याचं नाव आजही कोंढणपूर.