रस्त्यावरचे आडवे कापड

वैनगंगेच्या पश्चिम तीरावर भंडारा आणि पूर्व तीरावर कारधा. मुंबईहून कलकत्त्याकडे निघालेल्या हमरस्त्याने येथेच नदी ओलांडली. पावसाळ्यात कारध्याच्या पुलापाशी पाणी किती चढले, हे सारा जिल्हा विचारीत असतो, २४५.५० मीटर ही धोक्याची पातळी येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पाण्यासाठी आपण अशी खूण आखून ठेवली. वाऱ्यासाठी मात्र ठेवली नाही. वैशाखातल्या एखाद्या संध्याकाळी नदीच्या मोकळ्या पात्रावरून वावटळ उठते, रस्त्यावर आडवा बांधलेला फलक प्रथम पोट फुगवितो, मग फडफडू लागतो, आणि खालून जाणारा सायकलस्वार नकळत मान खाली घालतो. आजचा विषय म्हणजे हे आडवे कापड होय.

फलकाचा इतिहास म्हणजे त्यावरील मजकुराचा इतिहास, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. कोणी सभा बोलाविली, कोणाच्या विरुद्ध घोषणा लिहिली, याची नोंद राहते. ते कापड दोन घरांच्या मध्ये कोणी, कशाला आणि कशा गाठीने बांधले, याची नोंद कोण ठेवणार? वास्तविक कापड टिकते की माणसाच्या अंगावर येते, हे ठरते ते त्या गाठीवरच.

रस्त्यावर कापड ताणण्याची हौस फार जुनी आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी सांगतो की, ज्यूलियस सीझरने आपल्या घरापासून कॅपिटॉलच्या टेकडीपर्यंतचा पवित्र मार्ग आणि त्यालगतचा सारा चौक कापडी छताने झाकून टाकला होता. पुढे रोमच्या प्रचंड लंबवर्तुळाकार प्रेक्षागारावर उन्हासाठी कापड पसरीत, आणि ते काम आरमाराच्या खलाशांकडे असे. ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. शीड म्हणजे वाऱ्यापुढे धरलेले कापडच. ते केव्हा ताणावे, केव्हा सैल सोडावे आणि केव्हा गुंडाळून ठेवावे, हे खलाशाला जेवढे कळते तेवढे राजवाड्यातल्या कारभाऱ्याला कळत नाही. आपल्याकडे कोकणातल्या गलबतांवर हीच विद्या पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. शहरातल्या फलकापर्यंत ती पोचली नाही, एवढेच.

महाराष्ट्रात रस्ता हे सार्वजनिक जीवनाचे व्यासपीठ झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली सुरू झाली. तिची जागा सभागृहात होती. १८९३ पासून लोकमान्यांनी गणेशोत्सवाला जे सार्वजनिक रूप दिले, त्याने माणसे रस्त्यावर आली. माणसांच्या मागोमाग तोरणे, कमानी, पताका आणि कापडावरची मोठी अक्षरे आली.

त्या कापडाला राजकीय धार किती असू शकते, हे आपल्या विदर्भाला वेगळे सांगावयास नको. १९२३ साली नागपूरच्या सरकारने राष्ट्रध्वज घेऊन सिव्हिल लाइन्सच्या भागात मिरवणूक नेण्यास बंदी केली. १ मे रोजी तेथे झेंडा सत्याग्रह सुरू झाला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेलांनी येऊन सूत्रे हाती घेतली, देशभरातून स्वयंसेवक आले, आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक त्या रस्त्याने गेली. वाद एका काठीवरच्या कापडाचा होता. प्रश्न होता रस्ता कोणाचा हा. रस्त्यावरच्या मोकळ्या जागेत आपले म्हणणे फडकविण्याचा हक्क आपण असा तुरुंगात जाऊन मिळविला आहे. म्हणून, अपघात होतात तर सर्वच फलक बंद करा, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

स्वातंत्र्यानंतर निवडणुका आल्या. १९५१ च्या जनगणनेत देशातले जेमतेम १८ टक्के लोक साक्षर होते. तेव्हा फलकावरचा मजकूर शंभरांतल्या ऐंशीहून अधिक जणांना निरुपयोगीच होता. पक्षांना चित्रांच्या निशाण्या मिळाल्या त्या यामुळे. १९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याची पोटनिवडणूक झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि अशोक मेहता तीत उभे होते. मेहता निवडून आले, बाबासाहेबांचा पराभव झाला. त्या काळचा प्रचार म्हणजे सभा, पत्रके, भिंतीवरची गेरूची अक्षरे आणि मांजरपाटावर रंगविलेले फलक. झाडीपट्टीत आणखी एक हंगाम असतो. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते, दिवसा दंडार होते, रात्री नाटक रंगते, आणि नाटकाची वर्दी देणारे कापड गावाच्या तोंडाशी लागते.

आता त्या दोरीकडे येऊ. येथे थोडे गणित सांगतो; श्रोत्यांनी घाबरू नये, ते भाजीबाजारातल्या हिशेबाहून कठीण नाही.

समजा, रस्ता ४० फूट रुंद आहे आणि त्यावर ३० फूट लांब, ४ फूट उंच असा फलक आहे. अशा कापडाचे वजन दोन-चार किलो. बांधणारा म्हणतो, एवढ्याशा वजनाला सुतळी पुरे. पण दोरी तोडते ते वजन नव्हे, वारा होय. ताशी ७० किलोमीटर वेगाचा वारा, म्हणजे आपल्या उन्हाळी वादळातला नेहमीचाच झोत, या कापडावर सुमारे अडीचशे किलोचा दाब देतो. वेग दुप्पट झाला तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. म्हणजे एक हजार किलो. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचे जे भारतीय मानक आहे, त्यात नागपूरसाठी सेकंदाला ४४ मीटर हा वेग धरला आहे. तो ताशी दीडशे किलोमीटरच्याही वर जातो.

दुसरी गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. फलक जितका ताठ, तितका मजबूत, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. तोच अडीचशे किलोचा दाब घ्या. वाऱ्यात दोरीला मध्यभागी फक्त एक फूट पोट येत असेल, तर वरच्या-खालच्या दोऱ्यांवर मिळून सुमारे दीड हजार किलोचा ताण पडतो. चार फूट पोट येऊ दिले की तोच ताण चारशेच्या आसपास उतरतो. वारा तोच, कापड तेच. केवळ सैलपणा वाढला. दोरी काटेकोर सरळ रेषेत ठेवणे कितीही बळ लावले तरी साधत नाही, हे यंत्रशास्त्राला फार पूर्वीपासून माहीत आहे. लोंबत्या साखळीच्या वक्राचे कोडे हायगेन्स, लायब्निट्स आणि योहान बेर्नूली यांनी १६९१ साली सोडविले. दोन झाडांना कपड्यांची दोरी बांधणाऱ्या आपल्या गृहिणीला त्यातले सार त्याशिवायच उमजलेले असते.

म्हणून दोरीत झोल ठेवावा. कापडाच्या वरच्या आणि खालच्या काठात दोर शिवून घ्यावा, म्हणजे ओढ कोपऱ्यातल्या चार भोकांवर न येता साऱ्या काठावर वाटली जाते. वरचा दोर भक्कम असावा. खालचे बंध मात्र मुद्दाम कच्चे, साध्या सुतळीचे असावेत. झोत फार वाढला तर सुतळी आधी तुटेल, कापड वरच्या दोरावर पताकेसारखे फडफडेल, पण कोणाच्या अंगावर येणार नाही. कापडाला चंद्रकोरी पाडल्या की वारा निघून जातो, अशी एक समजूत आहे. सहा इंच व्यासाच्या दहा अर्धचंद्रांचे क्षेत्र मिळून एक चौरस फूट भरते, आणि फलक आहे १२० चौरस फुटांचा! ढिवरांचे जाळे पाण्याला वाट देते, कारण त्यात धाग्यापेक्षा भोकेच अधिक असतात.

शेवटी दोरी कशाला बांधायची, हा सर्वांत नाजूक मुद्दा. जुन्या घराची तुळई ओढ सोसते. सज्जाचा कठडा सोसत नाही. विजेचा खांब तर वर्ज्यच मानावा. अठरा फुटांवरून बसणारी शेकडो किलोंची आडवी ओढ त्याच्या बुंध्याशी तरफेसारखी काम करते, शिवाय वर तारा असतात. या तारांची रस्त्यावरची उंची १९५६ च्या विद्युत् नियमांनी कमीत कमी ५.८ मीटर, म्हणजे १९ फूट, ठरविली होती. भरलेला ट्रक खालून जावा आणि तार वर दूर राहावी, एवढ्या चिंचोळ्या पट्टीत आपला फलक बसवावा लागतो. पुष्कळदा तो बसत नाही, आणि तेव्हा तो न लावणे हाच उपाय असतो.

मांजरपाट वाऱ्याला थोडी वाट देत असे, आणि वादळ आले की फाटत असे. त्याचे फाटणे हीच एक सुरक्षितता होती. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत फ्लेक्स आला. त्याच्या पोटात धाग्यांची जाळी असते. तो वारा गाळीत नाही आणि सहजासहजी फाटतही नाही. मग वाकते ती चौकट, आणि तुटते ती बांधणीची तार. १२ सप्टेंबर २०१९ रोजी चेन्नईत लग्नाच्या शुभेच्छांचा असाच एक फलक स्कूटरवरून जाणाऱ्या तरुणीवर पडला आणि मागून आलेल्या टँकरखाली तिचा अंत झाला. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला वादळी वाऱ्यात १२० फूट लांब आणि तितकाच उंच जाहिरात-फलक कोसळून १७ माणसे गेली. तो लोखंडी होता, त्याची तऱ्हा वेगळी. पण त्यालाही पाडले ते वाऱ्यानेच.

कायदे नाहीत असे नव्हे. सार्वजनिक रस्त्यावरील अडथळा दूर करण्याचा अधिकार १९५८ च्या अधिनियमाच्या ५३ व्या कलमाने ग्रामपंचायतीला दिला आहे. १९९५ साली मालमत्ता विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी बेकायदा फलकांबाबत सविस्तर आदेश दिले. आणि १ जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनहून पातळ प्लास्टिकच्या फलकांवर देशभर बंदी आली. परवानगीच्या अर्जात फलकाची लांबी-रुंदी आणि तारीख लिहावी लागते. दोरी कोणती, झोल किती, बांधणारा कोण, हे रकाने त्याच अर्जात घालता येतील. ग्रामपंचायतीने मनावर घेतले तर त्याला मुंबईची वाट पाहण्याचे कारण नाही.

आणि कार्यक्रम संपल्यावर? मांजरपाटाची पिशवी होई, पोतेरे होई. फ्लेक्स बहुधा उतरवितच नाहीत. पुढचा उत्सव येईपर्यंत उन्हाने सुतळी जीर्ण होते आणि पहिल्या अवकाळी वादळात तो सुटतो. जो उतरतो, तो आपल्या भागात वाया जात नाही. धान कापून झाले आणि आभाळ भरून आले की शेतातल्या पुंजण्यावर तो पसरतात, पुढाऱ्यांचे हसरे चेहरे आभाळाकडे करून, आणि चारी कोपऱ्यांवर दगड ठेवतात.