अर्जित असहायता

अर्जित असहायता ही मानसशास्त्र व चेताविज्ञान यांतील एक संकल्पना आहे. स्वतःच्या कोणत्याही कृतीने न थांबणारा त्रास वारंवार सोसल्यानंतर, पुढे सुटकेचा मार्ग उपलब्ध असूनही प्राणी किंवा मनुष्य सुटकेचा प्रयत्न करीत नाही, या अवस्थेस हे नाव दिले जाते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मार्टिन सेलिगमन, स्टीव्हन मायर व ब्रूस ओव्हरमायर यांनी केलेल्या प्रयोगांतून ही संकल्पना पुढे आली. त्यांवरील शोधनिबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. नैराश्य आणि चिंता यांच्या अभ्यासासाठी ती दीर्घकाळ वापरली गेली. सुमारे ५० वर्षांनी सेलिगमन व मायर यांनीच मेंदूविषयक संशोधनाच्या आधारे आपले मूळ स्पष्टीकरण उलट केले.

मूळ प्रयोग

प्रयोगात कुत्र्यांचे तीन गट केले होते. पहिल्या गटातील कुत्र्याला विजेचा सौम्य परंतु वेदनादायी धक्का बसे आणि डोक्याने बाजूची पट्टी दाबली की तो बंद होई. दुसऱ्या गटातील कुत्र्याला तेवढाच व तितकाच वेळ धक्का बसे. मात्र त्याच्या कोणत्याही हालचालीने तो थांबत नसे. तिसऱ्या गटाला धक्के दिले गेले नाहीत. त्यानंतर सर्व कुत्र्यांना अशा पेटीत ठेवण्यात आले, जेथे मधला अडथळा ओलांडला की धक्क्यापासून सुटका होत असे. पहिल्या व तिसऱ्या गटातील कुत्री हे लवकर शिकली. दुसऱ्या गटातील बहुतेक कुत्री मात्र अडथळा न ओलांडता धक्के सोसत राहिली.

पहिल्या दोन गटांना सारखेच धक्के बसले असल्यामुळे हा फरक वेदनेने नव्हे, तर नियंत्रणाच्या अभावाने पडला, हे या रचनेतून स्पष्ट झाले. ‘आपण काहीही केले तरी फरक पडत नाही’ हे प्राणी शिकतो, असे स्पष्टीकरण संशोधकांनी दिले. अशा कुत्र्यांना दोरीने ओढून वारंवार अडथळ्यापलीकडे नेल्यास ती पुन्हा स्वतःहून सुटका करून घेऊ लागतात, असेही १९६८ मध्ये दाखविण्यात आले.

मानवावरील अभ्यास

डोनाल्ड हिरोटो यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांवर त्रासदायक आवाजाचा वापर करून याच धर्तीचा प्रयोग केला. ज्यांना आवाज थांबविता येत नव्हता, ते पुढच्या सोप्या कामातही कमी यशस्वी ठरले. तथापि सर्वच माणसे सारखी प्रतिक्रिया देत नाहीत. या फरकाचा उलगडा करण्यासाठी लिन एब्रमसन, सेलिगमन व जॉन टीझडेल यांनी १९७८ मध्ये सिद्धांताची पुनर्मांडणी केली. अपयशाचे कारण स्वतःत आहे, ते कायमचे आहे आणि आयुष्याच्या सर्व क्षेत्रांना व्यापणारे आहे, असे मानणाऱ्या व्यक्तीत नैराश्याचा धोका अधिक असतो, असे त्यांनी मांडले.

मेंदूतील यंत्रणा

मायर यांनी पुढे कोलोराडो विद्यापीठात उंदरांवर संशोधन केले. त्यात मस्तिष्क स्तंभातील डॉर्सल राफे या केंद्रकाला महत्त्व आले. या केंद्रकातील चेतापेशी सेरोटोनिन हे रसायन मेंदूच्या अनेक भागांत पोहोचवितात. टाळता न येणाऱ्या त्रासामुळे या पेशी तीव्रतेने उद्दीपित होतात आणि काही दिवस अतिसंवेदनशील राहतात. या काळात किरकोळ ताणानेही सेरोटोनिन मोठ्या प्रमाणात स्रवते. अमिग्डला या भागात त्यामुळे भीती वाढते, तर सुटकेच्या हालचालींशी संबंधित भागात त्या हालचाली रोखल्या जातात.

नियंत्रणाची जाणीव मात्र या केंद्रकात होत नाही. त्रासावर आपला ताबा चालतो हे कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्सच्या मध्यवर्ती भागाच्या साहाय्याने ओळखले जाते आणि तेथून डॉर्सल राफेला आवर घालणारे संदेश जातात. २००५ मध्ये होसे अमाट, मायर व सहकाऱ्यांनी हा भाग औषधाने तात्पुरता निष्क्रिय केला. तेव्हा धक्का थांबविता येणारे उंदीरही पुढे असहाय उंदरांप्रमाणेच वागले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, एकदा नियंत्रणाचा अनुभव घेतलेल्या उंदरांवर नंतरच्या अनियंत्रित त्रासाचाही तसा परिणाम होत नाही. हे संरक्षणही प्रीफ्रंटल कॉर्टेक्सवरच अवलंबून असते.

सिद्धांताची उलटापालट

२०१६ मध्ये मायर व सेलिगमन यांनी एका आढावा लेखात नवा निष्कर्ष मांडला. दीर्घकाळ चालणाऱ्या त्रासाला निष्क्रियता व भीती ही मेंदूची मूळ, न शिकलेली प्रतिक्रिया आहे. प्राणी शिकतो ते नियंत्रण. म्हणजेच कुत्र्यांच्या दुसऱ्या गटाने असहायता शिकली नव्हती, तर पहिल्या गटाने आपल्या कृतीचा उपयोग होतो हे शिकून मूळ प्रतिक्रियेवर मात केली होती. त्यामुळे ‘अर्जित असहायता’ हे रूढ नाव या आकलनाशी तंतोतंत जुळत नाही.

या बदलाला उपचारांच्या दृष्टीनेही महत्त्व आहे. जुन्या स्पष्टीकरणानुसार चुकीचा धडा पुसणे आवश्यक ठरते; नव्या स्पष्टीकरणानुसार, आपल्या कृतीने परिस्थिती बदलते याचा प्रत्यक्ष अनुभव मिळणे अधिक महत्त्वाचे ठरते. तसेच निष्क्रियतेला आळस किंवा इच्छाशक्तीचा अभाव समजणे योग्य नाही, हेही त्यातून सूचित होते.

मर्यादा

उंदरांतील हे परिणाम साधारणपणे काही दिवसांत ओसरतात. मानवी नैराश्य अनेक महिने टिकू शकते आणि त्यात आनुवंशिकता, शारीरिक आजार व सामाजिक परिस्थिती यांचाही वाटा असतो. प्रयोगांत दिसणारी काही लक्षणे, उदाहरणार्थ वाढलेली भीती, नैराश्यापेक्षा चिंतेशी अधिक जुळतात. बहुतांश प्रयोग नर उंदरांवर झाले आहेत; २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मादी उंदरांना नियंत्रणामुळे तसे संरक्षण मिळाल्याचे दिसले नाही. सेरोटोनिनचा परिणाम तो मेंदूत कोठे व केव्हा स्रवतो यावर अवलंबून असल्याने, नैराश्य म्हणजे केवळ सेरोटोनिनची कमतरता किंवा अतिरेक, असा अर्थ या संशोधनातून काढता येत नाही. प्राण्यांना वेदना देणाऱ्या या प्रयोगांवर नैतिक आक्षेपही घेतले गेले आहेत.