थांबलेली मोजणी पुढे कशी चालवायची?

देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांची ६१७४ ही संख्या आपल्या परिचयाची आहे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा. उत्तरावर हीच कृती करत राहिल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते व तिथेच स्थिरावते. १९५५ साली कापरेकरांनी हा गुणधर्म प्रसिद्ध केला. त्यात एक तत्त्व आहे: पुढची संख्या केवळ हातातल्या संख्येवरून ठरते.

याच तत्त्वावर जॉन फॉन नॉयमन यांनी संगणकासाठी यादृच्छिक भासणाऱ्या संख्या काढण्याची रीत १९४९ साली मांडली. संख्येचा वर्ग करायचा आणि मधले चार अंक घ्यायचे. १२३४ चा वर्ग ०१५२२७५६. म्हणून पुढची संख्या ५२२७, मग ३२१५, मग ३३६२. प्रत्येकीचा शेवटचा अंक वापरला, तर ७, ५, २ मिळतात. दिसायला बेशिस्त, पण पूर्ण ठरलेले, म्हणून 'छद्म-यादृच्छिक'. यंत्रातून खरेखुरे यादृच्छिक अंक का घ्यायचे नाहीत? नॉयमन यांचा आक्षेप व्यावहारिक होता: गणिताविषयी शंका आली, तर तेच गणित पुन्हा करून पडताळता आले पाहिजे.

आता समजा, आरे कॉलनीतल्या क्रमांक दिलेल्या झाडांपैकी काही या रीतीने निवडून त्यांचा घेर मोजायचा आहे. पावसामुळे काम अर्ध्यावर थांबले. दुसऱ्या दिवशी १२३४ पासूनच सुरुवात केली, तर कालचीच झाडे पुन्हा निघतील. नमुना दुप्पट दिसेल, माहिती मात्र तेवढीच राहील. वहीत ३३६२ लिहून ठेवले असेल, तर पुढची संख्या ३०३० येते आणि काम खंड न पडल्यासारखे चालू राहते. पण केवळ २ हा अंक लिहिला असेल तर? ०००० ते ९९९९ मध्ये २ ने संपणाऱ्या १००० संख्या आहेत! म्हणजे जपायची ती बाहेर पडलेली संख्या नव्हे, तर आतली 'स्थिती'.

नॉयमन यांची रीत मागे पडली. ३७९२ चा वर्ग १४३७९२६४. तिथे ती अडकूनच बसते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या 'मर्सेन ट्विस्टर' या रीतीची स्थिती ३२ बिटांच्या ६२४ संख्यांची असते. काम थांबवताना त्या सर्व, आणि त्यांतली कितवी वापरून झाली तेही नोंदवावे लागते.

वर्गात दोन गट करून हे पाहता येईल. एका गटाने दुसऱ्याला फक्त शेवटचा अंक द्यावा, नंतर पूर्ण संख्या द्यावी. मोजणी कोणत्या वेळी पुढे जाते, ते विद्यार्थीच सांगतील.