मुलामा की कल्हई?

पावसाळा सरला की नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि पाबे घाटात रविवारी सकाळी सायकलस्वार दिसू लागतात. जानेवारी 2026 मध्ये पुणे जिल्ह्यात झालेल्या ‘पुणे ग्रँड टूर’ या आंतरराष्ट्रीय शर्यतीच्या मार्गात भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे तालुकेही होते. तेव्हापासून वर्गात एक प्रश्न हमखास येतो. बाजारात काळ्या चौकडीचे कार्बनचे वेष्टन असलेली हँडले आणि सीटच्या दांड्या मिळतात. त्या साध्या दांडीपेक्षा महाग असतात. मग त्या खरोखर अधिक चांगल्या असतात का?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागेल. 1879 साली एडिसनने सुती धाग्याचा कोळसा करून तो विजेच्या दिव्यात वापरला. पुढे त्याने बांबूच्या चिपाही जाळून पाहिल्या. हे तंतू ठिसूळ होते. बळकट तंतू 1960 च्या दशकात आले. जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेने अ‍ॅक्रिलिक जातीच्या कृत्रिम धाग्यापासून ते बनवले. आपल्या स्वेटरची स्वस्त लोकर याच धाग्याची बहीण! हे तंतू राळेत बसवले की जो पदार्थ होतो त्याची घनता सुमारे 1.6 असते. अ‍ॅल्युमिनियमची 2.7 आणि पोलादाची 7.8.

सायकलीला हा पदार्थ प्रथम वेष्टनाच्या रूपातच भेटला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यास एक्सॉन या तेलकंपनीच्या ग्राफटेक सायकलीत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ नळ्यांवर कार्बन तंतू गुंडाळलेले होते. येथे ‘पातळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. भार कार्बनने घ्यायचा म्हणून आतील धातू कमी केला होता. वजन घटले ते त्यामुळे. पुढे 1986 साली ग्रेग लेमाँडने टूर द फ्रान्स जिंकली ती कार्बनच्या नळ्यांच्या सायकलीवर. सायकली इतक्या हलक्या होऊ लागल्या की 2000 साली जागतिक सायकल संघटनेला शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन 6.8 किलो ठरवावे लागले.

बाजारातील वेष्टनाची गोष्ट बहुधा उलटी असते. आत धातूची नेहमीचीच दांडी, वर कापडाचा एखादा थर. दांडीचा व्यास 3 सेंमी, लांबी 30 सेंमी आणि थराची जाडी पाव मिलिमीटर धरा. थराचे घनफळ सुमारे 7 घन सेंमी, वजन सुमारे 11 ग्रॅम. म्हणजे दांडी हलकी न होता जडच झाली! बळाचे काय? नळीच्या वाकण्याला बाहेरचा थर सर्वाधिक विरोध करतो हे खरे, पण तंतू लांबीच्या दिशेने असतील तरच. शोभेची चौकडी तिरपी बसवली तर हा लाभ फार कमी होतो. पूर्ण कार्बनच्या महागड्या भागांतही वरची चौकडी पुष्कळदा शोभेचीच असते. भार घेणारे एकाच दिशेचे थर तिच्याखाली लपलेले असतात.

बरे, दांडी 100 ग्रॅमने खरोखर हलकी झाली असे समजू. स्वार आणि सायकल मिळून 75 किलो, घाट 300 मीटर उंचीचा, चढायला लागणारा वेळ 40 मिनिटे. वाचलेली ऊर्जा सुमारे 294 ज्यूल, वाचलेला वेळ जेमतेम तीन सेकंद. शर्यतीत ते मोलाचे ठरतील. भोरच्या बाजाराला जाणाऱ्याला त्यांचे काय?

थर पातळ म्हणून तो निरुपयोगी, असे मात्र कोणी समजू नये. पितळेच्या भांड्यावरची कल्हई या थरापेक्षाही पातळ असते, पण आंबट वरण कळकू देत नाही. सोन्याचा मुलामाही पातळच, पण तो दिसण्यापुरता. आमच्या मते दुकानदाराला एकच प्रश्न विचारावा: या वेष्टनामुळे आतील धातू किती कमी केला आहे? आणि दोन्ही दांड्या तराजूत घालून पाहाव्यात.

वेल्ह्याच्या पावसात आणखी एक गोष्ट पाहावी लागते. कार्बन विजेचा वाहक आहे. अ‍ॅल्युमिनियम त्याला चिकटून असेल आणि मध्ये घामाचे खारट पाणी शिरले, तर विद्युतघटच तयार होतो आणि त्यात अ‍ॅल्युमिनियम झिजते. कार्बनच्या नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या सांध्यांना चिकटवलेल्या सुरुवातीच्या काही सायकलींचे सांधे असेच सुटले. म्हणून जाणते कारखानदार मध्ये काचतंतूचा थर देतात. उघड्या दांडीवरची झीज किंवा चीर डोळ्यांना दिसते. वेष्टनाखालची दिसत नाही. वेष्टन कडेला फुगले असेल, किंवा त्याखालून पांढरी भुकटी येत असेल, तर ती दांडी काढून ठेवावी.