रखडपट्टी : कुवेत ते सहार, १९९०

मध्यंतरी ऑनसाइटहून परत येताना वाटेतल्या एका विमानतळावर अकरा तास रखडलो. पुढची फ्लाइट चुकली, बॅग भलत्याच देशात गेली, आणि हातात दिलेल्या कुपनात जेमतेम एक सँडविच आलं. अंधेरीला घरी पोचल्यावर दोन दिवस जो भेटेल त्याला हीच कहाणी. वरच्या मजल्यावरच्या काकांनाही ऐकवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अकरा तास होय? मला कुवेतहून इथे यायला सव्वा महिना लागला होता रे."

झालं. माझी कहाणी तिथेच आटोपली आणि पुढचे दोन वीकेंड वाचनात गेले.

२ ऑगस्ट १९९० ला सद्दामच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. तिथे तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते. (माझा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता.) त्याच पहाटे लंडनहून मद्रासमार्गे क्वालालंपूरला जाणारं ब्रिटिश एअरवेजचं १४९ नंबरचं विमान इंधनासाठी कुवेतला उतरलं. थांबा तासाभराचा. ते विमान पुन्हा कधी उडालंच नाही. प्रवासी ताब्यात घेतले गेले, त्यातल्या पाश्चात्त्यांना इराकने मानवी ढाल म्हणून वापरलं. आक्रमणाची खबर आपल्या वकिलातीने वेळेवर कळवली होती, पण ती विमान कंपनीपर्यंत गेली नाही, हे ब्रिटिश सरकारने कबूल केलं २०२१ साली!

आपल्या लोकांचं काय झालं ते 'एअरलिफ्ट' (२०१६) मुळे सगळ्यांना ठाऊक आहे असं आपल्याला वाटतं. त्यातला अक्षय कुमारचा रणजित कट्याल काल्पनिक आहे हे सोडा. माझी खरी तक्रार नावाबद्दल आहे. एअरलिफ्ट म्हटलं की डोळ्यासमोर विमान येतं. पण विमान हा या प्रवासातला सगळ्यात सोपा भाग होता, अम्मान ते मुंबई, पाच-सहा तास. गोची होती ती अम्मानपर्यंत पोचण्यात.

कुवेतचा विमानतळ बंद. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला जाऊन सद्दामला भेटले. त्या भेटीतली गळाभेट त्यांना पुढे बरीच वर्षं ऐकून घ्यावी लागली, पण लोकांना बाहेर पडायची वाट मिळाली, आणि माझ्या मते सौदा स्वस्तात पडला. वाट कशी? कुवेतहून बसरा, बसऱ्याहून बगदाद, तिथून वाळवंट कापत जॉर्डनची सीमा आणि मग अम्मान. दीड हजार किलोमीटर, ऑगस्टच्या उन्हात, बसने. ज्याला त्याला आपली बस स्वतःच शोधावी लागत होती, आणि पैसा हातात असून नसल्यासारखा. जगातल्या महागड्या चलनांपैकी एक असलेला कुवेती दिनार इराकने आधी इराकी दिनारच्या बरोबरीला आणून बसवला आणि मग बादच केला. आयुष्याची कमाई दोन महिन्यांत रद्दी.

त्यात कागद. आखातात कामगाराचा पासपोर्ट बहुधा मालकाच्या कपाटात असायचा. मालक पळालेला, कपाटाला कुलूप. मग वकिलातीकडून तात्पुरता प्रवासाचा दाखला मिळवा, त्यासाठी रांग. इराकमधून बाहेर पडायच्या परवानगीसाठी रांग. इराक आणि जॉर्डनच्या चौक्यांमधल्या नो मॅन्स लँडमध्ये तंबू ठोकले होते. तिथे भारतीय, बांगलादेशी, श्रीलंकन, फिलिपिनो अशी हजारो माणसं पाण्याच्या टँकरची वाट बघत पडून. जॉर्डनवर लोंढा इतका आला की ऑगस्टमध्ये त्याने काही काळ सीमाच बंद केली.

आता थोडं गणित, सवयच आहे :-) एअर इंडियाच्या नावावर नेहमी सांगितला जाणारा आकडा असा: ५९ दिवस, ४८८ उड्डाणं, १,११,७११ माणसं. म्हणजे दिवसाला साधारण आठ उड्डाणं आणि एकोणीसशेच्या आसपास माणसं. नागरी विमानांनी केलेल्या सुटकेचा हा गिनीज विक्रम ठरला आणि तो खरोखरच अचाट आहे. पण हाच आकडा रांगेतल्या माणसाच्या बाजूने बघा. समजा सव्वा लाख लोक एकदमच रांगेत उभे राहिले आणि रोज एकोणीसशे आत जाताहेत, तर मधल्या माणसाचा नंबर महिनाभराने लागतो. सगळं सुरळीत चाललं तरी! काकांचा सव्वा महिना त्यामुळे मला एकदम पटला. ते दुर्दैवी वगैरे नव्हते, सरासरीच्या जवळपासच होते.

मागे राहिलेल्यांचं अन्न संपत आलं होतं. इराकवर संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध, म्हणजे जहाजातून धान्य पाठवायलाही परवानगी हवी. १३ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेने ६६६ क्रमांकाचा ठराव केला, आणि आपलं 'विश्वसिद्धी' जहाज धान्य घेऊन गेलं. तोवर दीड महिना उलटून गेला होता.

काकांना विचारलं, सगळ्यात वाईट काय होतं? मला वाटलं वाळवंट म्हणतील. ते म्हणाले, "टेबल." म्हणजे? "अरे, प्रत्येक मुक्कामाला एक टेबल, टेबलावर वही. नाव सांगा, वडिलांचं नाव सांगा, गाव सांगा. बसऱ्याला सांगितलं, बगदादला सांगितलं, अम्मानला दोनदा सांगितलं. आदल्या वहीत लिहिलेलं पुढच्या वहीला माहीतच नाही." सहारला रात्री तीनला उतरले (आपलं आजचं टी-टू आहे तिथलंच जुनं टर्मिनल), तर तिथेही टेबल होतं. त्या टेबलापासून घर रिक्षाने वीस मिनिटांवर, पण दिनार घेणार कोण? उजाडेपर्यंत बाहेर फुटपाथवर बसले आणि मग चालत निघाले.

या सगळ्याची भरपाई मिळाली, हे मला मुळीच माहीत नव्हतं. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाई आयोग नेमला, पैसे इराकच्या तेलातून. २ ऑगस्ट १९९० ते २ मार्च १९९१ च्या दरम्यान कुवेत किंवा इराक सोडावा लागला एवढं दाखवलं की ठरावीक रक्कम: एकट्याला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,०००. बाकीचे दावे सोडून दिले तर ४,००० आणि ८,०००. प्रत्यक्ष पैसे लोकांच्या हातात पडायला नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडला. मोठ्या कंपन्यांचे दावे धरून इराकचा शेवटचा हप्ता फिटला तो २०२२ मध्ये.

काकांनी ४,००० वाला फॉर्म भरला होता. पैसे आले तेव्हा मुलगी बारावीला होती, तिच्या कॉलेजच्या फीला गेले.

"फॉर्मवर काय विचारलं होतं?" मी विचारलं.

"नाव, वडिलांचं नाव, गाव," काका म्हणाले आणि चहा घ्यायला आत बोलावलं.