कल्याण निर्वासित छावणी
कल्याण निर्वासित छावणी : फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या विस्थापितांसाठी ठाणे जिल्ह्यात कल्याण शहरानजीक उघडण्यात आलेली छावणी. तीतूनच पुढे उल्हासनगर हे शहर निर्माण झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने येथे सैनिकांच्या तात्पुरत्या मुक्कामासाठी तळ उभारला होता. युद्ध संपल्यावर ओस पडलेल्या त्याच्या बराकी विस्थापितांच्या निवाऱ्यास उपयोगी पडल्या.

सिंधमधील स्थलांतर पंजाबहून निराळ्या प्रकारचे होते. पंजाबचे विभाजन झाले आणि १९४७ च्या ऑगस्टपासून तेथे भीषण कत्तली झाल्या. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. प्रारंभीचे काही महिने तेथे तुलनेने शांतता असल्याने अनेक हिंदू कुटुंबे घरदार न सोडण्याच्या विचारात होती. भारतातून तेथे गेलेल्या मुस्लिम निर्वासितांची गर्दी वाढली. १७ डिसेंबर १९४७ रोजी हैदराबाद (सिंध) येथे आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगली झाल्या व हा विचार पालटला. कराचीहून अनेक कुटुंबे जहाजांनी मुंबईस उतरली. पंजाबी विस्थापितांना पूर्व पंजाबात निदान आपल्या भाषेचा मुलूख मिळाला. सिंधी भाषकांसाठी भारतात असा एकही प्रांत नव्हता.

छावणीचे पाच भाग होते. ते क्रमांकांनीच ओळखले जात आणि शहर झाल्यावरही ही ओळख पुसली गेली नाही. लांबलचक बराकींत गोणपाटाचे आडोसे करून अनेक कुटुंबे राहत. १९५१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ८०,००० च्या वर होती.

या लोकांचे संरक्षण कोणत्या कायद्याने व्हावे, हा प्रश्न त्या वेळी सोपा नव्हता. आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेने फाळणीच्या विस्थापितांचा भार उचलला नाही. निर्वासितांसंबंधीचा १९५१ चा करारही यूरोपातील परिस्थिती मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवून झाला आणि भारताने त्यावर सही केली नाही. हा भेद कोल्हापूरनजीकच्या वळिवडे येथे विशेष स्पष्ट दिसतो. तेथे १९४३ ते १९४८ या काळात सु. ५,००० पोलिश निर्वासित राहत होते व त्यांच्यामागे लंडनमधील परागंदा पोलिश सरकार उभे होते. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी विस्थापित आले (आताचे गांधीनगर). त्यांच्यामागे भारत सरकारखेरीज कोणी नव्हते. मायदेशी परतण्याचा हक्क मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याने १० डिसेंबर १९४८ रोजी घोषित केला. परंतु त्याच वर्षी भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांनी परवाना पद्धती लागू केली आणि परतीची वाट व्यवहारात बंद झाली.

अशा स्थितीत नागरिकत्व हेच संरक्षणाचे खरे साधन ठरले. संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदानुसार, अविभाजित भारतात स्वतः जन्मलेल्या किंवा ज्यांच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणाचा जन्म तेथे झाला होता अशा व्यक्ती १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन भारतात राहत असल्यास नागरिक ठरल्या; त्यानंतर आलेल्यांना सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर नोंदणी करून घ्यावी लागली. त्यामुळे छावणीतील माणूस परका न राहता मतदार झाला. परागंदा होऊन आलेल्या माणसाला हा दर्जा इतक्या लवकर मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

भरपाईच्या बाबतीत मात्र असे म्हणता येत नाही. १९५० च्या कायद्याने पाकिस्तानात राहिलेल्या स्थावर मालमत्तेचे दावे तपासण्यात आले व १९५४ च्या विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) अधिनियमान्वये भरपाई देण्यात आली. भारत सोडून गेलेल्या मुसलमानांची मालमत्ता या भरपाईच्या निधीत घालण्यात आली होती. म्हणजे एका विस्थापिताच्या नुकसानीतून दुसऱ्याची भरपाई झाली. भरपाई दाव्याच्या संपूर्ण रकमेइतकी नव्हती आणि मोठ्या दाव्यांना तिचे प्रमाण कमी होते. दुकानातील माल, दागिने, उधारीच्या वह्या इ. जंगम वस्तू या हिशेबात धरल्या गेल्या नाहीत. भाड्याच्या घरात राहणारे कारकून, शिक्षक, फेरीवाले यांच्यापाशी तर दावा करण्याजोगे काहीच नव्हते. हानी माणसाची झाली होती, मोजदाद मात्र घरजमिनीची झाली. या वर्गाला अनुदान, कर्ज व स्वतःचे हातपाय यांवर विसंबावे लागले. छावणीतील घरगुती उद्योगांची व किरकोळ व्यापाराची भरभराट बव्हंशी यातूनच झाली.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसवून या वसाहतीस उल्हासनगर हे नाव देण्यात आले. त्यानंतर चारच दिवसांनी, १२ ऑगस्ट रोजी, युद्धकाळात नागरिकांना संरक्षण देणारा चौथा जिनीव्हा करार झाला. तो करार झाला असता तरी कराचीतील रहिवाशांच्या उपयोगी पडला असता असे नाही, कारण त्याचा मुख्य रोख राष्ट्राराष्ट्रांतील युद्धावर व शत्रूच्या ताब्यातील प्रदेशावर आहे. दंगलीच्या भीतीने घर सोडणारा माणूस त्याच्या कक्षेत सहसा येत नाही. भारतीय कायद्याने मात्र विस्थापिताची व्याख्या करताना प्रत्यक्ष दंगलीबरोबर दंगलीची भीती हेही घर सोडण्याचे कारण मानले होते.

सिंधी भाषेचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश १९६७ मध्ये झाला. उल्हासनगरला महानगरपालिका १९९६ मध्ये मिळाली. विस्थापितांच्या दाव्यांविषयीचे व भरपाईचे कायदे २००५ मध्ये संसदेने रद्द केले.